खळीनं चिकटवलेली चित्रं: शहरातल्या रोजच्या कटकटींवरची जुनी व्यंगचित्रं

पूर्वभागवाला:
नमस्कार मंडळी. घराची आवराआवर करताना माळ्यावर वडिलांची एक खतावणी सापडली, लाल कापडी पाठीची, दुकानदार हिशेबाला वापरतात तसली. हिशेब पहिल्या चार पानांवरच आहे, पुढं सगळी व्यंगचित्रं, पेपरातून कापून चिकटवलेली. मोजली तर एकशे त्रेचाळीस भरली, काही निम्मी फाटलेलीत तीही धरून.

आता यात विशेष काय ते सांगतो. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते, बहुतेक दुसऱ्या पाळीला. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलतो, वडील चौथीपर्यंत शिकले तेही तेलुगूतच, मराठी बोलायला फाडफाड पण वाचायची म्हणजे दुकानाची पाटी आणि बसचा बोर्ड एवढीच, आणि इंग्रजीचा तर संबंधच नाही. आणि खतावणीत अर्ध्याच्या वर चित्रं आर. के. लक्ष्मण यांची, टाइम्स ऑफ इंडियातली, म्हणजे खाली ओळ इंग्रजीत! मुंबईचा पेपर तेव्हा रेल्वेनं यायचा, आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात एक प्रत असायची आणि शिळी झाली की रद्दीत जायच्या आधी वडील मालकाला विचारून तेवढा चौकोन कापून आणायचे, हे आईनं आत्ता सांगितलं, मला लहानपणी काही माहीत नव्हतं.

चिकटवलंय खळीनं. सुताला लावतात तीच खळ, घरी हातमाग होता त्यामुळं ती असायचीच. त्यामुळं कसर लागून बरेच कोपरे खाल्लेत. प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीनं तेलुगूत एकच शब्द लिहिलाय. नीळ्ळु म्हणजे पाणी, दारि म्हणजे रस्ता, अद्दे म्हणजे भाडं, करेंटु सांगायला नको. इंग्रजी ओळीत काय लिहिलंय ते त्यांना कळत नव्हतं तरी चित्र कशाबद्दल आहे ते बरोबर कळलेलं दिसतंय, मी एकेक ताडून बघितलं, फार थोडी चुकलीत.

लक्ष्मण यांचं ते रोजचं छोटं चित्र १९५१ पासून सुरू झालं. त्यातला कॉमन मॅन म्हणजे धोतर, चौकडीचा कोट, गोल चष्मा, कानामागं पांढऱ्या केसांची झुपकी, आणि हा माणूस तोंडातून एक शब्द काढत नाही, नुसता बघत उभा. सुरुवातीला ते म्हणे प्रत्येक प्रांताचा वेगळा माणूस काढायचे, बंगाली, पंजाबी, मद्रासी असे, मग वेळ पुरेना तशी गर्दी कमी होत होत एकच म्हातारा उरला. मला वाटतं तो बोलत नाही म्हणूनच आमच्या वडिलांचा झाला. बोलला असता तर इंग्रजीत बोलला असता ना.

आपल्या सोलापुरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा चालतात. पेपर कुठलाही असो, त्यातली एकच गोष्ट हॉटेलातल्या सगळ्यांना सारखी वाचता यायची, ती म्हणजे चित्र. आणि चित्र असायचं नळावर, खड्ड्यावर, रेशनच्या रांगेवर. अग्रलेख वकील-मास्तरांसाठी, चित्र सगळ्यांसाठी. हे माझं मत, पण खतावणी बघून पक्कं झालंय.

तर विचारायचं हे की पाणी, रस्ते, भाडं, गर्दी, घाण असल्या रोजच्या त्रासावरची जुनी व्यंगचित्रं तुम्हाला कुठली आठवतात, आपल्याकडची किंवा बाहेरची, आणि कुणाकडे असली कात्रणं आहेत का?

जुनाछापखाना:
वा. वाचून हात थरथरले बघा. माझे वडील एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं जुळवायचे, कुठला ते राहू द्या, आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. चित्र छापणं म्हणजे काय भानगड होती ते आजच्या पोरांना कळणार नाही म्हणून लिहितो. चित्राचा जस्ताचा ब्लॉक करून आणायला लागायचा, तो लाकडी ठोकळ्यावर बारीक लोखंडी चुकांनी ठोकलेला, उंची बरोबर खिळ्यांएवढी पाहिजे, केसभर खाली राहिला तर चित्र पुसट आणि वर आला तर कागद फाटणार. वडील ठोकळ्याखाली कागदाचे तुकडे लावून उंची जमवायचे. छपाई झाली की रॉकेलनं धुवायचा आणि कपाटात ठेवायचा, कारण ब्लॉकला पैसे पडायचे. गावातल्या छोट्या पेपरला रोज नवीन चित्र परवडायचं नाही, म्हणून खड्ड्याचं एकच चित्र दर पावसाळ्यात खालची ओळ बदलून पुन्हा छापलं जायचं, हे मी स्वतः बघितलंय. वाचकांना कधी खटकलं नाही.

लंडनचं पंच साप्ताहिक १८४१ ला निघालं तेव्हा तर चित्र बॉक्सवुडच्या लाकडावर उलटं काढायचे आणि कोरणारे कारागीर रात्रभर बसून कोरायचे, मोठं चित्र असलं की ठोकळ्याचे तुकडे वेगवेगळ्या माणसांना वाटायचे आणि नंतर जोडायचे. जोडाची बारीक पांढरी रेघ जुन्या अंकात कधीकधी दिसते.

अजून एक. कार्टून हा शब्द आपण वापरतो त्या अर्थानं रूढ झाला तोच शहरातल्या गरिबांच्या चित्रावरनं. त्याआधी कार्टून म्हणजे मोठ्या चित्राचा जाड कागदावरचा कच्चा आराखडा. लंडनच्या नव्या पार्लमेंटच्या भिंती रंगवायच्या म्हणून असल्या आराखड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं, तेव्हा १५ जुलै १८४३ ला पंचमध्ये जॉन लीचनं चित्र काढलं, लंगडी, फाटकी, उपाशी माणसं प्रदर्शनातल्या झकपक तसबिरींकडे बघत उभी आहेत. त्याला नाव दिलं कार्टून नंबर १. तिथनं हा शब्द चिकटला तो चिकटलाच.

सातरस्ता:
चांगला विषय आहे, सगळं वाचलालोय. पण एक सांगा, चित्रं काढून खड्डे बुजले का ओ कुठं? लक्ष्मण साहेबांनी पन्नास वर्षं मुंबईचे खड्डे काढले. खड्डे आहेत तिथंच आहेत. माणूस सकाळी बघतो, हसतो, पेपर घडी घालून ठेवतो, त्याच खड्ड्यातनं गाडी घालून कामाला जातो. मला तर वाटतं चित्र बघून राग निघून जातो, आणि राग निघून गेला की कोण अर्ज लिहिणार? मी वाईट हेतूनं बोलत नाही, मनापासून विचारलालोय.

इतिहासवाली:
सातरस्ता, प्रश्न अगदी रास्त आहे. मी शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त. एक उदाहरण सविस्तर सांगते, लंडनचंच.

थेम्स नदीत अख्ख्या शहराची गटारं सुटायची आणि तेच पाणी कितीतरी लोक प्यायचे. १८५० साली पंचमध्ये लंडनच्या पाण्याच्या एका थेंबाचं चित्र आलं, सूक्ष्मदर्शकातून बघितल्यासारखा थेंब आणि आत वळवळणारे चित्रविचित्र प्राणी. मग १८५५ च्या जुलैत मायकेल फॅरडे, हो विजेवाले तेच, बोटीतून जाताना पांढऱ्या कार्डाचे तुकडे पाण्यात टाकून बघत होते की किती खोल गेल्यावर दिसेनासे होतात, तर इंचभर बुडायच्या आतच गायब! त्यांनी तसं पत्र पेपरात लिहिलं. लगेच पंचनं चित्र काढलं, फॅरडे एका हातानं नाक धरून नदीच्या घाणेरड्या म्हाताऱ्या देवाला आपलं कार्ड देतायत. पत्र किती लोकांनी वाचलं असेल ते असेल, चित्र मात्र अजून छापलं जातं.

१८५८ च्या उन्हाळ्यात नदीचा इतका वास सुटला की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावले होते. त्याच जुलैत दोन चित्रं आली. एकात थेम्सबाबा आपली लेकरं लंडन शहराच्या राणीपुढं उभी करतोय, आणि लेकरं कोण, तर घटसर्प, गंडमाळा, पटकी म्हणजे कॉलरा. दुसऱ्यात रात्रीच्या अंधारात मृत्यू एकटाच बोट वल्हवतोय आणि पाण्यात मेलेली जनावरं तरंगतायत. आणि मग जो कायदा वर्षानुवर्षं अडला होता तो १८ दिवसांत मंजूर झाला. इंजिनिअर जोसेफ बॅझलगेटनं ८२ मैलांची मुख्य गटारं बांधली.

आता मी असं म्हणणार नाही की चित्रांमुळं गटारं झाली. वास साहेबांच्या नाकापर्यंत गेला म्हणून झाली. पण त्याआधी आठ-दहा वर्षं या चित्रांनी लोकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती की हा दैवाचा कोप नाही, हे पाणी आहे आणि ते कुणीतरी घाण केलंय. वास आला तेव्हा कुणाकडं बोट दाखवायचं हे माणसांना आधीच माहीत होतं.

आणि तुम्ही म्हणता तसा राग निघून जात असता तर राजे लोक चित्रांना एवढे घाबरले नसते. पॅरिसच्या दोमिएनं राजा लोकांचा पैसा गिळतोय असं चित्र काढलं म्हणून १८३२ मध्ये त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. १८३५ ला राजकीय चित्रांवर कायद्यानं बंदीच आली. मग दोमिए काय काढायला लागला, तर भाडेकरू आणि घरमालक, खचाखच भरलेली घोड्यांची बस, तिसऱ्या वर्गाचा डबा, रस्ते रुंद करताना पाडलेली घरं. राजाला हात लावता येत नाही म्हणून राजाच्या राज्यात माणूस कसा राहतो ते काढलं. शहराच्या रोजच्या त्रासावरची चित्रं एवढ्या संख्येनं यायला लागली त्यामागं ही बंदी आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हलकाफुलका विषय म्हणून ती सुरू झाली नाहीत.

बाळीवेस:
मॅडम, एक नंबर लिहिलंय. माझी भर उर्दूकडून. आमच्या दादाजींच्या तोंडी अवध पंचचं नाव असायचं. लखनौहून १८७७ ला निघालं, मुन्शी सज्जाद हुसेन संपादक. लंडनच्या पंचचं वारं इथं फार लवकर आलं होतं, मुंबईत तर पारशी पंच १८५४ लाच सुरू झालं, नंतर त्याचंच हिंदी पंच झालं, चित्राखाली इंग्रजी आणि गुजराती दोन्ही ओळी असायच्या. त्यांचा पंचोबा नावाचा माणूस होता, लक्ष्मण यांच्या म्हाताऱ्याच्या कितीतरी आधीचा, तो सगळ्या भानगडीत हजर. प्लेगचे दिवस, लाटसाहेब, मुंबईचा कारभार, सगळं त्यात बघायला मिळतं.

आणि पेपर चालवणं ही आपल्या गावात काही लहान गोष्ट नव्हती. चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन स्वतः गझनफर नावाचं पत्र काढायचे. १९३० ला इथं मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्या काळात चार अक्षरं छापणं म्हणजे काय ते या गावाला सांगायची गरज नाही. म्हणून जुनाछापखाना यांना विनंती, वडिलांच्या आठवणी अजून लिहा.

जुनाछापखाना:
लिहितो. थोडा वेळ द्या.

नळाचीपाळी:
मी जरा वेगळं बोलणार आहे, कुणाला टोचलं तर माफ करा पण बोलायलाच पाहिजे.

आमच्याकडं पाणी चार दिवसांआड, कधी पाच. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, इथं उजनी धरणावरनं शंभराच्या वर किलोमीटर पाइपातनं पाणी येतं, शिवाय भीमेचं टाकळीहून आणि हिप्परग्याच्या तलावाचं. पाण्याच्या दिवशी रात्री दोनला उठून बसायचं हे आमच्या घरात आईनं केलं, मी केलं, आता वहिनी करते. पुरुष माणसं उठतात, नाही असं नाही, पण गजर बायकांच्या उशाशी असतो.

आणि जुन्या दिवाळी अंकांत, पेपरांत नळावरची चित्रं मी लहानपणापासून बघितलीत. दोन जाड बायका एकमेकींच्या झिंज्या धरून, घागर डोक्यात घालतायत, आजूबाजूला नवरे हसतायत. नळावरचं भांडण हा ठरलेला विनोद. मला सांगा त्यात नळ कुठं असतो? कोपऱ्यात, दोन रेघांचा. पाणी का नाही, चावी कोण फिरवतो, वरच्या आळीला दोन तास आणि खालच्या आळीला वीस मिनिटं का, यातलं चित्रात काही नाही. दोन बायका भांडकुदळ आहेत एवढंच आहे. पूर्वभागवाले म्हणाले चित्र सगळ्यांसाठी असतं, मला पटत नाही. पुष्कळ चित्रं आमच्यावर हसण्यासाठी होती.

इतिहासवाली मॅडमनी लंडन सांगितलं म्हणून नेटवर शोधत बसले, तर १८६६ चं एक चित्र मिळालं, फन नावाच्या साप्ताहिकातलं, पिनवेल नावाच्या चित्रकाराचं. रस्त्यावरचा हातपंप आहे आणि दांडा मारतोय एक सांगाडा. भोवती गरिबांची लहान पोरं, बाया, हातात भांडी. चित्राचं नाव मृत्यूचा मोफत दवाखाना अशा अर्थाचं आहे. त्याच वर्षी लंडनच्या पूर्व भागात, म्हणजे तिथलाही पूर्व भागच बघा, पटकीनं साडेपाच हजारांच्या वर माणसं गेली, पाणी कंपनीनं न गाळलेलं पाणी सोडलं होतं आणि नवी गटारं तेवढ्याच भागात पुरी व्हायची राहिली होती.

हे चित्र मी आईला मोबाईलवर मोठं करून दाखवलं. आईला कथा काही सांगितली नव्हती. तिनं सांगाड्याकडं बघितलंच नाही आधी. म्हणाली, भांडी किती लहान आहेत गं, पोरांच्या हातात झेपतील एवढीच, म्हणजे आया कामाला गेल्यात आणि पाण्याला पोरं पाठवलीत, एवढ्या पाण्यात एक वेळचं होतंय, पोरांना परत यावं लागणार. मग म्हणाली, दांडा कोण मारतंय ते बघ.

त्यात एकही बाई भांडत नाहीये. हसू येत नाही ते चित्र बघून. पंप मधोमध आहे, मोठा, आणि दांडा कुणाच्या हातात आहे ते सगळ्यात आधी दिसावं असं काढलंय. मला हा फरक कळला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

इतिहासवाली:
तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ते चित्र मी वीस वर्षं वर्गात दाखवलं, भांड्यांच्या मापाकडं माझं कधी लक्ष गेलं नाही.

तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. ज्या पंचनं थेम्सची चित्रं काढली त्याच पंचनं आयरिश गरिबांना माकडासारखं काढलं. अमेरिकेतल्या थॉमस नास्टनंही तेच केलं. चांगल्या हाताचा माणूस वाईट ठिकाणी बोट दाखवू शकतो.

सिव्हिललाइन:
नर्स म्हणून काम करते, एवढंच सांगायचं होतं की उलटंही होतं. १८०२ मध्ये गिलरे नावाच्या मोठ्या व्यंगचित्रकारानं देवीच्या लसीवर चित्र काढलं, लस टोचलेल्या लोकांच्या अंगातून गाई बाहेर पडतायत, नाकातून, दंडातून. लस तेव्हा नवीनच होती. चित्र भारी आहे पण लस घ्यायला घाबरणाऱ्यांना ते आयतंच मिळालं. आजही लसीकरणाला वस्तीत गेलं की कुणीतरी मोबाईलवर असलंच चित्र दाखवतं. चित्र झटकन कळतं हे खरं, म्हणूनच भीती वाटते.

पूर्वभागवाला:
दोन दिवस लिहिलं नाही कारण नळाचीपाळी ताईंचं वाचल्यावर खतावणी पहिल्या पानापासून पुन्हा काढली. मी आधी चित्रांचे विषय मोजले होते, आता कोण कुणावर हसतंय ते बघत गेलो.

खरं ते सांगतो. नीळ्ळु लिहिलेली एकतीस चित्रं आहेत. त्यातली नऊ तसलीच, झिंज्या धरलेली. ती सगळी मराठी पेपर-मासिकांतली, लक्ष्मण यांची त्यात नाहीत. मला ती आधी दिसलीच नव्हती, म्हणजे दिसली होती पण पान उलटलं होतं. ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी पहिल्या पोस्टमध्ये सगळ्यांसाठी हा शब्द फार सहज वापरला.

पण एक गोष्ट बघितली ती तुम्हाला सांगायचीच होती. त्या नऊपैकी पाच चित्रांवर वडिलांनी पेन्सिलीनं नळ गडद केलाय. दोन रेघांचा नळ होता, त्यावरच पुन्हापुन्हा फिरवून काळा केलाय, इतका की एका ठिकाणी कागद फाटलाय. बायकांना हात लावलेला नाही. का केलं असेल, मला सांगता येत नाही, आईलाही माहीत नाही. आमची आजी, म्हणजे वडिलांची आई, विडी वळायची आणि पहाटे पाणी भरून मग पानं भिजवायला बसायची, एवढं आई म्हणाली.

आणि सातरस्ता, तुमच्या प्रश्नावर मला न्यूयॉर्कची गोष्ट सांगायची आहे, नास्टचं नाव निघालंच आहे म्हणून. १८७१ च्या सुमाराला तिथं ट्वीड नावाचा पुढारी शहराच्या तिजोरीवर बसला होता. एका कोर्टाच्या इमारतीचा खर्च १ कोटी डॉलरच्या वर गेला, बिलं फुगवून पैसे वाटून घेतलेले. पेपरात आकडे छापून येत होते पण ट्वीडला त्याची एवढी धास्ती नव्हती, त्याला भीती नास्टच्या चित्रांची, कारण त्याचे मतदार देशोदेशीहून आलेले, पुष्कळांना वाचता येत नव्हतं पण चित्र दिसत होतं, असं तो म्हणायचा हे सांगतात. १९ ऑगस्ट १८७१ चं चित्र तर प्रसिद्धच आहे, सगळे गोल करून उभे आणि लोकांचा पैसा कुणी खाल्ला म्हटल्यावर प्रत्येकजण शेजाऱ्याकडं बोट दाखवतोय. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्याची टोळी आपटली, तो तुरुंगात गेला, १८७५ ला पळाला, आणि १८७६ ला स्पेनमध्ये पकडला गेला. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला ओळखला तो नास्टच्या चित्रावरून. त्यांच्या हातात चित्र होतं आणि ते पुरलं, खालचं इंग्रजी वाचायची गरज पडली नाही.

हे वाचलं तेव्हा मला हॉटेलातला चौकोन कापणारा माझा बाप आठवला.

सातरस्ता:
ट्वीडचं माहीत नव्हतं. बरं. पण त्यात नास्टनं नाव घेऊन माणूस काढला होता, दाढी-पोटासकट. लक्ष्मण यांचे मंत्री बहुतेक सगळे टोपीवाले सारखेच, खड्डा कुणाचा ते कळत नाही. माझं म्हणणं मी थोडं बदलतो: खड्डा नुसता काढला तर राग निघून जातो, खड्ड्याशेजारी पावती फाडणारा हात काढला तर नाही जात.

जुनाछापखाना:
सातरस्ता, लक्ष्मण यांच्यावर एवढं उतरू नका. माणसाचे हाल किती सरावाचे झालेत हे त्यांच्याइतकं कुणी दाखवलं नाही. ते चंद्राचं चित्र आठवा, चंद्रावर पाठवायला माणूस शोधतायत आणि शास्त्रज्ञांनी त्या धोतरवाल्याला पुढं आणलंय, कारण हा अन्नपाण्याशिवाय, हवेशिवाय, निवाऱ्याशिवायही जगतो. त्यात कुणाचं नाव नाही पण ते बघून राग निघून जातो असं मला नाही वाटत. माझ्या वडिलांनी ते भिंतीला लावलं होतं.

पुण्यातलासोलापूरकर:
मंगेश तेंडुलकर कुणीच आणले नाहीत का अजून? पुण्यात नोकरीला आलो तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या दिवसांत नळ स्टॉपच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली की एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पुढं यायचे आणि हातात कार्ड द्यायचे. त्यांनी स्वतः काढलेलं वाहतुकीवरचं चित्र असायचं. वर्षानुवर्षं हे त्यांनी केलं, २०१७ ला गेले. मला पहिल्यांदा कार्ड मिळालं तेव्हा मी झेब्रा पट्ट्यांच्या पुढं गाडी घेऊन उभा होतो. त्यांनी काही म्हटलं नाही, कार्ड दिलं आणि पट्ट्यांकडं बघितलं. मी गाडी मागं घेतली. ते कार्ड अजून माझ्या गाडीच्या कागदपत्रांत आहे.

सातरस्ता यांचं उत्तर यात मिळतं का ते ते ठरवतील. पेपरातलं चित्र घरी बसून बघतो माणूस, हे चित्र जिथं चूक होते तिथं हातात येत होतं.

सातरस्ता:
हे आवडलं मला. सात रस्त्याच्या सिग्नलला असं कुणी उभं राहणार असेल तर मी सोबत येतो, खरंच येतो.

बाळीवेस:
मीही. चित्र कोण काढणार पण?

नळाचीपाळी:
माझी पुतणी कला शाखेला आहे, तिला विचारते. अट एकच, झिंज्या नाहीत.

पूर्वभागवाला, ती पेन्सिलीनं काळा केलेला नळ असलेली पाच चित्रं इथं टाकाल का? आईला दाखवायची आहेत.

जुनाछापखाना:
टाकायच्या आधी ऐका, घाई करू नका. कात्रणं खतावणीतून सोडवायची नाहीत. खळीवर चिकटवलेला कागद ओला केला किंवा वाफ दिली की जुना कागद फाटू शकतो आणि पेन्सिलही पुसली जाऊ शकते. आहे तशा पानाचा फोटो काढायचा, खिडकीशेजारी, सकाळच्या उजेडात, फ्लॅश नको. पान सपाट राहावं म्हणून वर काच ठेवू नका, कसरीनं पोखरलेला कागद काच उचलताना तिला चिकटून येतो, माझ्याकडून एकदा असं नुकसान झालंय. कडेला पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. आणि कसर जिवंत असेल तर खतावणी आधी वेगळी ठेवा, घरातल्या बाकीच्या पुस्तकांत जाऊ देऊ नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवतात तो चालेल पण कागदाला टेकवू नका, डाग पडतात.

अजून एक, शक्य तिथं कात्रणाची मागची बाजूही बघा, सुटा कोपरा असेल तिथं हळूच. मागं बाजारभाव, सिनेमाची जाहिरात, गिरणीची नोटीस, काहीतरी असतं, त्यावरनं तारीख लागते. वडिलांनी तारखा लिहिल्यात का?

पूर्वभागवाला:
तारखा नाहीत. पण तुम्ही म्हणालात तसं सुट्या कोपऱ्यांमागं आत्ता बघितलं. एकामागं सुताचे भाव आहेत, एकामागं नाटकाच्या जाहिरातीचा अर्धा चेहरा, एकामागं फक्त काळी कड. सुताच्या भावावरनं साल सांगू शकेल असा कुणी जुना व्यापारी ओळखीत असेल तर कळवा, आमच्या भागात दोघंजण आहेत, त्यांच्याकडं शनिवारी जाऊन येतो.

फोटो रविवारी सकाळी काढेन, पाणी येऊन गेलं की. नळवाली पाच आधी टाकतो, मग बाकीची नीळ्ळु, मग दारि. खालचे तेलुगू शब्द मराठीत लिहून देईन. एक शब्द मात्र मला लागत नाहीये, अठ्ठावन्नाव्या चित्राखाली आहे, कसरीनं निम्मा खाल्लाय, चित्रात बसची रांग आहे आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या पायाशी वडिलांनी पेन्सिलीनं बारीकशी पिशवी काढलीय, मूळ छपाईत ती नाही. आईला विचारलं, ती म्हणाली डबा असेल, दुसऱ्या पाळीला निघालेला माणूस.

नळाचीपाळी:
त्याचा फोटो पण टाका. रांगेतली बाकीची माणसं काय घेऊन उभी आहेत ते आई बघेल.